फिकट सात

दहा बाय नऊची खोली. एकच खिडकी,
तीही यंत्रमागांच्या पत्र्याकडे तोंड करून.
वेन्नेलाला सहावं लागलं आणि तिनं जाहीर केलं :
मला इंद्रधनुष्याची खोली पाहिजे.

दस्तगीर शाळेपासूनचा. त्यानं शेडकार्ड पंख्यासारखं उघडलं.
"भिंतभर कमान मारतो बे. असली झगझगीत,
अशोक चौकातनं दिसंल."
नको, म्हटलं. झगझगीत नको.
लाल कसा, तर डाळिंबाचा दाणा उन्हात धरल्यावर उरतो तेवढा.
हिरवा हुरड्याचा, कोवळ्या, अजून दूध असलेल्या.
निळा म्हणजे पाचवीतून सातवीत गेलेला शर्ट,
धुऊन धुऊन मऊ पडलेला.
आणि जांभळा...
तिथं मी अडलो.
दस्तगीरनं कार्ड मिटलं. "मग नुस्ता पांढराच मारू की.
पैसे तेवढेच घेईन."

त्याला काय सांगणार.
आमच्या गल्लीत गटाराला वार होते.
सोमवारी लाल, बुधवारी मोरपंखी,
शनिवारी ऑर्डर मोठी असली तर राणी.
आम्ही कागदी होड्या सोडायचो,
त्या वळणावर पोचेपर्यंत भिजून रंगीत व्हायच्या, मग बुडायच्या.
नाना रंगखात्यात. कोपरापर्यंत जांभळे.
गरम भाकरी मोडायचे तेव्हा
तिच्यावर बोटं उठायची.
माझ्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांचे हात दिसतात,
नानांचे नाहीत. पाठीमागं धरलेले.

लावण्या म्हणाली, रंग सातही असू देत,
पण एका वेळी एकच दिसावा.
मग भिंती ताकाच्या रंगाच्या झाल्या,
आणि इंद्रधनुष्य आम्ही लपवत गेलो :
कपाटाच्या फळ्यांच्या आतल्या अंगाला पिवळा,
खणाच्या तळाशी हिरवा, खण ओढला तरच कळणारा.
पडद्याच्या दुमडीत नारिंगी दोऱ्याची एक शिवण.
दाराच्या मागं, जिथं दप्तर लटकतं, तिथं
हाताच्या पंजाएवढा निळा.
बाहेर चैत्राचं ऊन असं, की
ब्रश डब्यात बुडवून परत येईतो भिंत वाळलेली.
दस्तगीर शिडीवरून पुटपुटत होता,
"लपवायला रंग विकत घेणारे पहिलेच तुम्ही."

संध्याकाळी वेन्नेला आली आणि शोधत सुटली.
खण ओढले, दार लोटलं, गादीखाली डोकं घातलं.
एकेका रंगाला हाक मारल्यासारखी ओरडायची.
सहा सापडले. मग मधोमध उभी राहिली,
कमरेवर हात. एक कुठंय?

मी माळ्यावर चढलो.
जुने कोन, फाटका चादरीचा ठाण, तराजूचं एक पारडं,
आणि त्यामागं नानांची काठी.
हौदात सूत ढवळायची, वेताची, पुरुषभर उंच.
वरचा अर्धा भाग साधा, तळव्यांनी गुळगुळीत झालेला.
खालचा अर्धा जांभळा. त्याखाली आणखी काय काय,
थरावर थर, वीस-बावीस वर्षांचे सगळे सोमवार, सगळे शनिवार.
टोकाला तर कुठलाच रंग म्हणता येत नाही.

दस्तगीरनं दोन खिळे ठोकले.
काठी पडद्याच्या दांडीच्या जागी चढली.
त्या ताकाच्या भिंतींत ती एकटीच मोठ्यानं बोलणारी.
लावण्या काही म्हणाली नाही. मान जराशी तिरकी करून बघितलं,
मग पडदा एका बाजूला सारला, जांभळा अर्धा उघडा राहील असा.

नाना पावसाळ्यात आकाशाकडे बोट करून म्हणायचे, हरिविल्लु.
घरातला शब्द घरात. शाळेत गेल्यावर मला कळलं
त्याला इंद्रधनुष्य म्हणतात, आणि ते फक्त आकाशातच असतं.

मी वेन्नेलाला खांद्यावर घेतलं.
तिनं जांभळ्यावरून बोट फिरवलं, जोर लावून,
मग ते डोळ्यांजवळ नेलं.
दोन्ही बाजूंनी पाहिलं.
"लागत नाही."
पक्का आहे, मी म्हणालो.
ती जराशी खट्टू झाली.