बदली कार्ड

लिएपायात, बर्फाच्या तिसऱ्या दिवशी
विझ्माने मुलाचा जुना लॅपटॉप
जेवणाच्या टेबलावर पालथा घातला.
नऊ स्क्रू. दहा अंड्यांच्या खोक्यात, एकेका खळग्यात.

फोनवर डब्लिनहून रायटिस :
"आधी रेडिएटरला हात लाव, आई. अंगातली वीज उतरू दे."
ट्राम चालवणाऱ्या बाईला
वीज शिकवतोय.

पंखा उचलला, तर खाली
घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा थर :
धूळ, आणि मूरिसचे केस.
बोका जाऊन दोन वर्षं झाली.

कार्ड तिरकं सरकवून दाबलं. कट्.
पेस्ट मोहरीएवढी म्हणाला होता,
तिची वाटाण्याएवढी पडली.

स्क्रीन दोनदा काळीच. मग उजाडली.
"पंखा साफ केलास ना?"
"केला,"
म्हणत तिने
दहाव्या खळग्यावर झाकण लावलं.