बारा बाय वीस

ओरेस्टने अंगणात चार खुंट्या ठोकून दोरी ताणली
तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.
मॅनिटोबात ऑगस्ट संपणं म्हणजे
पाहुण्याने दारात चपला शोधायला लागणं.
थांबा म्हटलं तरी तो थांबत नाही.

डब्यात अठराशे डॉलर. दोनदा मोजून.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात,
आम्ही डबा पाहून पाया आखला.
चोवीस फुटांची दोरी बारावर आली,
दोन गाड्यांची एक झाली.
खिडकी नंतर बघू.
विजेचं बोहदानला सांगू, भाऊच आहे माझा.
दरवाजा,
त्यावर आम्ही बोललोच नाही.

हिशेब मी लिहायचे,
बियाण्यांच्या कॅटलॉगच्या शेवटच्या कोऱ्या पानावर,
बीट आणि बडीशेपेच्या ऑर्डरखाली.
सिमेंट, वीस पोती.
खडी फुकट, पण ट्रॅक्टरचं डिझेल आपलं.
खिळे: शून्य.

शून्य, कारण गावाने कर्लिंगची जुनी शेड पाडायला काढली होती
आणि जो पाडेल त्याचं लाकूड.
तीन आठवडे ओरेस्ट रोज संध्याकाळी
एकेक फळी अशी सोडवायचा
जशी कुणी जखमेवरची पट्टी सोडवतं,
आणि मी रुळाच्या तुकड्यावर वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे.
तीनांतला एक मोडायचा.
दुसरा माझ्या अंगठ्याला भेटायचा.
तिसरा कॉफीच्या डब्यात, टण्ण.

गुणफलकही आला फळ्यांबरोबर.
आता तो उत्तरेच्या भिंतीत आहे, आडवा.
पाच – चार.
कोण जिंकलं होतं, कुणाला आठवत नाही.
पलीकडचा कॉर्नी फ्रीझन म्हणतो, आम्हीच,
पण कॉर्नी सगळ्याच सामन्यांबद्दल असं म्हणतो.

काँक्रीट ओतलं त्या दिवशी कॉर्नीने मिक्सर दिला,
बोहदानने पाठ दिली,
आणि संध्याकाळी रेडिओने दिलं दहिवर,
उणे चार, पहाटेपर्यंत.
ओलं काँक्रीट गोठलं तर भुगा होतो.
ओरेस्ट काही बोलला नाही, नुसता उभा राहिला
त्या राखाडी, गुळगुळीत, आमच्या अठराशेतल्या सातशेंकडे बघत.
मीच आत गेले.
ताडपत्री घातली, वर पेंढा,
पेंढ्यावर सगळ्या दुलया,
आईने लग्नात दिलेली हंसाच्या पिसांचीसुद्धा.

मग आम्ही कोट घालून, टोप्या घालून,
नुसत्या गादीवर पडलो.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात.
आमचं अंथरूण त्या रात्री पायावर होतं.
मी हे मोठ्याने म्हटलं.
तो इतका हसला की टोपी पडली.

छप्पर ऑक्टोबरात. पत्रा तीन रंगांचा,
तीन वेगवेगळ्या कोठारांवरून उतरवलेला.
पहिला बर्फ पडला त्या दिवशी गाडी आत घेतली
आणि मग कळलं
भिंतीतल्या फळ्यांच्या जाडीचा विचार
कुणीच केला नव्हता.
ड्रायव्हरचं दार उघडतं, पण नऊ इंच.
ओरेस्टचं पोट नऊ इंचांचं नाही.
त्याने श्वास आत घेतला, कोट काढला,
युक्रेनियनमध्ये गुणफलकाला काहीतरी ऐकवलं,
शेवटी मागच्या डिकीतून रांगत बाहेर आला,
गुडघ्यांवर, पासष्ट वर्षांचा,
आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

तेव्हापासून गाडी मी लावते.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
किल्ली माझ्या खुंटीवर टांगते.
जानेवारीत उणे छत्तीस होतं,
एका फिरवण्यात सुरू झाली.

एकूण खर्च अठराशे चौसष्ट.
वरचे चौसष्ट अंड्यांच्या पैशांतले.
ते मी बडीशेपेत लिहिले आहेत.
दरवाजासमोर अजून नुसती रेघ.
ताडपत्री फडफडते, तिची सवय झाली.

पिसांच्या दुलईचा एक कोपरा
त्या रात्री काँक्रीटला चिकटला होता.
धुतला, उकळला, चोळला. दगड तो दगडच.
ओरेस्ट झोपेत पाय लांब करतो,
कोपरा नडगीला लागतो,
आणि तो पाय मुकाट जवळ ओढून घेतो.