हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानात फौज येते.
गडहिंग्लज, पिठाच्या गिरणीला लागून,
आत एक संगणक, एक अंगठ्याचं यंत्र,
बाहेर बाकावर सात-आठ म्हातारे,
मांडीवर पिशवी, पिशवीत पेन्शनीचं पुस्तक,
पिशवीला तीन गाठी.

आपण जिवंत आहोत
हे दरवर्षी सांगावं लागतं सरकारला.
यंत्र लवकर मानत नाही.
खोऱ्यानं, उसाच्या पाल्यानं, वयानं
बोटांच्या रेषा नेल्यात.
"परत ठेवा, काका. जरा पुसून ठेवा."
लाल दिवा. लाल दिवा.

एकदा सर्व्हर गेला तो गेलाच.
बाकावर कुणाची तरी टाच शहाबादीवर वाजू लागली,
शेजारची तिला मिळाली,
मग खालच्या आवाजात, कुणीच कुणाकडं न बघता:

एक गं आई, दोन गं आई,
तिसऱ्या वळणाला पाणी न्हाई.
बूट बोलतोय, मोजा रडतोय,
उस्ताद म्होरनं उलटा पळतोय.

नऊ वर्षं येतात ही माणसं.
"बरं हाय" याच्या पुढं शब्द नव्हता.

"हे कुठं लिहिलेलं आहे का?" मी विचारलं.
हसले. "लिवून कोण चालतंय, पोरी?"
प्रत्येक पलटणीची चाल निराळी,
त्यातही उस्तादागणिक निराळी,
उस्ताद मातीत गेला की चालही गेली.

वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीवर लिहू लागले.
मग ते मार्चमध्येही यायला लागले, काम नसताना.
नाईक सातगोंडा दोन ओळी देऊन गेले
आणि जाता जाता सुजलेला गुडघा दाखवून गेले.
येसबा तोडकर एका ओळीसाठी तीन तास बसले.
उठताना म्हणाले,
"रात्री झोप न्हाई. बर्फातनं आल्यापास्नं न्हाई."
बर्फाला पंचवीस वर्षं झाली होती.
मी त्यांचं ईसीएचएसचं कार्ड काढायला घेतलं,
दवाखान्याची तारीख वहीच्या कोपऱ्यावर टिपली,
त्यांच्याच ओळीखाली.

लंगरातली एक चाल मात्र कुणालाच पुरी येईना.
"ती केरबाला ठावं," सगळे म्हणायचे,
आणि गप्प व्हायचे.

केरबा चौगुले. हरळी. दोन वर्षांपूर्वी झटका,
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.
अंगठा घ्यायला यंत्र घेऊन मीच घरी गेले.
खाटेपासून गोठ्याच्या दारापर्यंत चौदा पावलं,
आक्काताई त्यांना काखेत धरून उभ्या,
पाय उचलत नव्हता.
मी नुसतं वाचून दाखवावं म्हणून वाचलं:

लंगरात डाळ, डाळीत खडा,
उस्तादाचा दात पडला, पोरांनो रडा...

डावा पाय उचलला.
उजवा फरफटत, पण तालावर.
आणि त्या वाकड्या तोंडातून
चौथी ओळ आली, धुतल्या तांदळासारखी स्पष्ट.

ओळ मात्र धुतलेली नव्हती.
उस्तादाच्या खाकी चड्डीबद्दल होती, एवढंच सांगते.

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला.
मला वाटलं, रडतायत.
खांदे हलत होते, हसत होत्या.
"परत म्हणा," म्हणाल्या.
ते परत म्हणाले. चौदा जाताना, चौदा येताना.
पाणी आजही खुणेनं मागतात,
तिचं नावही येत नाही त्यांना,
पण ती ओळ येते.

वहीत मी त्या जागी टिंबं दिली.

पुढच्या आठवड्यात आक्काताई कागद द्यायला आल्या.
"वाच बघू त्येंचं."
वाचलं. टिंबांपाशी थांबले.
"थांबलीस का?"
"बरं दिसत नाही, मावशी."
"लिव्ह की. अर्ध्या ओळीवर
पाय कुठं ठेवायचा माणसानं?"

मग त्यांनीच सांगितली, सावकाश,
काउंटरवर बोट आपटत,
डाव्यावर जोर देऊन.
बाहेर बाकावर एक टाच वाजली.
मी लिहीत होते.