रोज अकरा सेकंद पुढं

उद्यमनगरात माझं टेबल खिडकीपाशी.
लेथवरून तुकडे येतात, अजून कोमट,
मी मायक्रोमीटरच्या जबड्यात धरते आणि सांगते
कोण पास, कोण भंगार.
चौदा वर्षं.

तर असल्या बाईला घड्याळ विकायचं म्हणजे.
गुजरीत मगदुमांच्या पोरानं मखमली ट्रे काढला:
सोनेरी, नाजूक, बांगडीसारखं,
तबकडी करंगळीच्या नखाएवढी.
"लेडीज आहे मॅडम."
म्हटलं, मनगट माझं आहे, लेडीजचं नाही.

काच नखानं वाजवून बघितली.
चावी ओढली, आत ढकलली,
खाचेत बसली की बोटाला कळतं, याला कळेना.
पट्ट्याची दांडी अडकते ती भोकं
एक सरळ, एक जराशी तिरकी.
"पाच वर्षांची वॉरंटी आहे."
आणि सहाव्या वर्षी?
पोरगा पंख्याकडं बघायला लागला.
"बरं, येतो," म्हटलं आणि उठले.

असे तीन रविवार गेले.
एक घड्याळ दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं म्हणे.
रंकाळ्यातही एवढं पाणी नाही,
आणि मला उतरायचंय खरकट्या भांड्यांच्या सिंकमध्ये.
एक माझी झोप मोजणार होतं.
किती झोपते ते मला ठाऊक आहे,
मोजून वाढते थोडीच.

शेवटी पापाच्या तिकटीजवळ
दस्तगीर शिकलगारांचं दुकान, दुकान कसलं, एक टेबल आणि वर पत्रा.
डोळ्याला भिंग, मान खाली.
"काय बघून घेणार?"
जे उघडता येतं ते.
तेव्हा त्यांनी भिंग काढलं आणि मला नीट बघितलं.

खणातून निघालं एक चावीचं, पोलादी.
साखर कारखान्यातल्या कुणा केमिस्टनं विकलेलं,
तबकडी सायीसारखी पिवळट, काट्यांना मात्र डाग नाही.
झाकण आट्यांचं. त्यांनी फिरवून उघडलं,
आतलं चाक श्वास घेतल्यासारखं इकडं, तिकडं.

"एक दोष हाय. रोज अकरा सेकंद पुढं पळतंय. लावून देऊ?"
रोज अकराच?
त्यांनी वहीच्या मागचं पान दाखवलं.
अकरा. अकरा. दहा. अकरा. अकरा.
मग राहू द्या.

चूक किती, हे मी मशीनला कधी विचारत नाही.
रोज तेवढीच आहे का, एवढंच बघते.
तेवढीच असली की वजा करता येते.
कधी वीस, कधी दोन, मधेच एखाद्या दिवशी अगदी बरोबर,
असल्या लेथवरचा बरोबर तुकडासुद्धा
मी दोनदा मोजते.

असल्या माणसाशी पाच वर्षं संसार केला मी.
बरोबर वागायचा
त्या दिवशी जास्त भीती वाटायची.

पट्टा चप्पल ओळीत शिवून घेतला, व्हटकरांकडं.
चपलेचंच कातडं, थोडं तासून.
पहिले पंधरा दिवस दातासारखा लागेल, म्हणाले,
मग मनगट शिकेल, नाहीतर पट्टा शिकेल.
झिजला की या. झिजायचं काम त्याचं, घड्याळाचं नव्हं.
भोकं पाडून झाल्यावर म्हटलं, आणखी एक पाडा, आतल्या बाजूला.
कशाला, सैल हाय का?
आज नाही.
म्हातारपणी मनगटं बारीक होतात.

त्याला तीन वर्षं झाली.
काचेवर एक ओरखडा आहे, ड्रिलच्या बर्रचा,
तो माझा आहे, घासून काढायचा नाही असं सांगून ठेवलंय.
सकाळी कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी बावीस फेरे चावी.
दर रविवारी आमटीला कढ येईपर्यंत
काटा सव्वा मिनिट मागं घेते.
अकरा सत्ते सत्त्याहत्तर.
वरचे दोन सेकंद
त्याचे त्याला ठेवते.