अंगठ्याने दाबून बघ

रंगावर जाऊ नकोस, दोर्वाल म्हणाला पहिल्याच दिवशी.
एका कंपनीचा केशरी तो दुसरीचा पिवळा,
आणि तिसरीचा काळा तर भिजल्या साबणासारखा मऊ.
अंगठ्याने दाबून बघ.
किती वेळात वर येतो, ते मोज.

मग मी दुपारभर फळीवरचे फोमचे पॅड दाबत बसलो,
पाव झाला का ते बघणाऱ्या भट्टीवरच्या पोरासारखा.

नुएवा पाल्मिरा. इथे नदी इतकी रुंद
की पलीकडचा देश म्हणजे पेन्सिलची रेघ.
बंदरावरून सोयाबीनची धूळ येते, गाड्यांवर बसते,
आणि लोक ती कोरड्या फडक्याने पुसतात.
त्या पुसण्यावर आमचं पोट.
दिवा धरला की बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं,
दिवा सरकवला की जाळंही सरकतं.

एलिदा बेन्तान्कोरची गाडी शनिवारी आली.
चौसष्ट सालची प्युजो, मागे हौदा,
लाल.
म्हणजे एकेकाळी लाल; आता टोमॅटोच्या वाळल्या सालीसारखी.
विकायची आहे, ती म्हणाली, मोंतेविदेओचा माणूस बुधवारी येतोय.
बगलेत थर्मास, हातात माते,
स्टूल स्वतःच ओढून बसली.

दारावर दोर्वालनं दिवा तिरका धरला
आणि अक्षरं वर आली.
कधीच खरवडून काढलेली,
पण त्यांच्याखाली ऊन पोचलं नव्हतं,
म्हणून तेवढाच लाल अजून तरुण.
बेन्तान्कोर. आणि खाली, बर्फ.

आमच्या भाषेत बर्फाच्या आधी एक मुकं अक्षर येतं.
बोलताना नाही, लिहिताना लागतं.
ते त्यानं गाळलं होतं, आणि जागा भरायला भलतंच एक घातलं होतं.
एकतीस वर्षं, एलिदा म्हणाली,
एकतीस वर्षं गाव हसलं,
आणि तो समजायचा, लोक खुशीत आहेत, उन्हाळा आलाय.

दोर्वालनं दोन पॅड तिच्यापुढे धरले.
हा मऊ. चमक येईल, अक्षरं राहतील.
हा कडक. अक्षरं जातील.
किंमत कशानं जास्त येते?
ह्यानं.
मग विचारतोस कशाला?
तिनं मातेची नळी ओढली,
शेवटच्या घोटाचा खरखर आवाज होईपर्यंत.

कडांना टेप. वाटाण्याएवढे चार थेंब.
आधी वीतभर जागेत, सगळ्यात मऊ पॅडनं,
काही होणार नाही हे ठाऊक असताना.
तसंच करायचं असतं.
नाही झालं की मधला, मग कडक.
लोकरीला त्यानं हातच लावू दिला नाही:
म्हणाला, जुना रंग, वर पारदर्शक थर नाही,
आपण घासतोय तो रंगच आहे.

आणि खरंच, दोन फेऱ्यांत पांढरा पॅड लाल.
मी यंत्र बंद केलं. घाबरलो.
एलिदाही स्टुलावरून उठली होती.
दोर्वाल हसला नाही. ब्रश दिला. पॅड साफ कर, म्हणाला, आणि चालू ठेव.
दर फेरीनंतर मी उलटा हात पत्र्यावर ठेवायचो,
तापला तर थांबायचं.

आडनाव गेलं. बर्फही जवळजवळ गेला.
पहिलं अक्षर दाराच्या घडीवर होतं,
जिथे पत्रा वळतो, जिथे रंग नेहमी कमी चढतो.
मापकाचा आकडा बघून दोर्वालनं माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं.
याच्याखाली राखाडी आहे, म्हणाला. इथे कुठलाच पॅड नाही.

एवढं एक राहिलं तर.
जे तिथे असायलाच नको होतं, ते.

एलिदानं वाकून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवून,
सरळ उजेडात नाही, तिरप्या उजेडात.
मग जोरात हसली,
आणि हसता हसता थर्मासचं झाकण तिला सापडेना.

संध्याकाळी मी पॅड धुतले. बादली लाल, मग गुलाबी,
मग नुसतं पाणी.
कडक पॅड अंगठ्याने दाबला.
वर आला,
पण सकाळपेक्षा सावकाश.