मागच्या चाकातला आवाज

कोल्चानीत गाड्या आधी आतून म्हाताऱ्या होतात.
मीठ पत्रा खातंच,
पण त्याची खरी भूक सीलच्या आत,
ग्रीसमध्ये.

साठच्या पुढे मागून गुणगुण यायची.
बाबांना ऐकू येत नव्हती.
"टायर असतील," म्हणाले,
तेही माझे ओठ वाचून.
मी उजवीकडे वळवली: आवाज वाढला.
डावीकडे: विरला.
म्हणजे डावं बेअरिंग.

जॅक, खाली ओंडका, चाक, ड्रम.
फेर्मिन वाराची, वय एकाहत्तर,
ॲक्सल ओढताना लोखंडाशी आयमारात बोलत होते,
अडलेल्या लामाशी बोलावं तसं.
माझ्याशी एकच शब्द, स्पॅनिशमध्ये: "छिन्नी."
कडं तडकलं. बेअरिंग सुटून हातात आलं,
फिरवलं तर जात्यात खडे.
ते त्यांनी आधी कानाला लावलं,
मग डोळे मिटून बोटांना विचारलं.
"हं. तू म्हणत होतीस खरी."

नवं कडं आईच्या कढईत तापवलं,
परवाच्याच तेलात.
अंगणभर बुन्युएलोंचा वास,
शेजारचं पोर ताटली घेऊन आलं.
कडं एका दमात बसलं,
पुन्हा हलायचं नाही असं.

संध्याकाळी मिठावर नेली. ऐंशी. नव्वद.
बाबांचा तळवा सीटमागच्या पत्र्यावर.
"गेला?"

गेला होता.
आणि इतके दिवस त्याच्या आड लपलेला
उजवीकडचा बारीक आवाज
आता स्वच्छ ऐकू येत होता.

पैसे एकाचेच होते.
मी मान हलवली.