घर राखून

हिलमनचा मागचा ॲक्सल सोमवारपासून
नाना पेठेत, बोद्दुल मिस्त्रींच्या शेडमध्ये
दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा आहे.
आज गुरुवार.

डावा शाफ्ट मुकाट आला.
उजवा आला तो भांडून:
पिंजरा मोडून, गोळ्या सांडून,
बाहेरची रिंग नळीच्या तोंडातच सोडून.
गोळ्या नऊ. तौसीफने आठ वेचल्या.
नववी म्हणे गटाराच्या जाळीकडे पळाली.

मी एकतीस वर्षं पिंपरीला, ड्रॉइंग ऑफिसात,
अशा रिंगा काढल्या.
काढल्या म्हणजे कागदावर.
दोन वर्तुळं, मधून तुटक रेघ,
शेजारी बारीक अक्षरात मायक्रॉन:
किती घट्ट बसायचं, किती सैल.
गंजासाठी रकाना नव्हता.

मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले,
"म्हणजे बाई, तुम्हीच का त्या,
ओढायला बोटभर जागा न ठेवता घर बांधणाऱ्या?"
म्हटलं, ही कव्हेंट्रीची माणसं, मी नव्हे.
"सगळे एकाच शाळेतले,"
आणि हात मागे करून पंधराचा पाना मागितला.

या गल्लीत बेअरिंग जिथे बसतं त्याला घर म्हणतात.
घर खाल्लंय. घर मोठं झालंय. घराला बुश मारू.
पहिल्या दिवशी मला वाटलं,
कुणाच्या तरी संसाराचं चाललंय.

रॉकेल आणि ऑइल अर्धं अर्धं, दोन रात्री पाजलं.
पुलरच्या तिन्ही पायांना धरायला कड सापडेना.
बुधवारी तौसीफ जुन्या बाजारातून
ट्रकचा कसला तरी बोल्ट घेऊन आला,
त्याचं डोकं घासून आकडा केला, अडकवला, ओढला.
आकडा सरळ झाला.
रिंग एक सूतही हलली नाही.

आज सकाळी तौसीफने घण उचलला
तेव्हा मी आणि मिस्त्री एकदमच ओरडलो.
"रिंग मेली तर मरू दे," मिस्त्री म्हणाले,
"समोर चाळीस दुकानं आहेत.
घराला चीर गेली तर
बाईंना विलायतेला पाठवशील का?"

दीड वाजता शेजारच्या ग्रिलच्या कारखान्यातून
त्यांची सून आली, भाग्यलक्ष्मी.
पदर खोचलेला, वर कातडी एप्रन,
काच कपाळावर ढकललेली.
नळीत वाकून पाहिलं, बोट फिरवलं,
ओल्या गोणपाटाने कड झाकून घेतली
आणि काच खाली ओढून
रिंगच्या आतल्या अंगाला
एक फेरा वेल्डिंगचा मारला. सलग. न थांबता.
मग म्हणाली, "आता कुणी हात लावू नका,"
आणि डबा उघडून बसली.

पोलाद दर अंशाला, लांबीच्या मानाने,
साधारण बारा दशलक्षांश वाढतं.
मला पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.
वितळलेलं निवताना आत ओढून घेतं,
हेही त्यातच आलं.
चार दिवसांत मात्र ते मला
एकदाही आठवलं नाही.

जळक्या ग्रीसचा वास. समोरच्या दुकानात
क्लचप्लेटवरून घासाघीस, चारशेला अडलेली.
भाग्यलक्ष्मीने मला अर्धी भाकरी दिली,
वर तिळाची चटणी.
मिस्त्री बिडी न पेटवता नुसती धरून होते.

टण्.

खूप लहान आवाज. फुलपात्र पडावं तेवढा.
रिंग फरशीवर, जरा आखडलेली,
आतून नव्या व्रणाची एक ओळ.

मी नळीत हात घातला.
घर कोमट होतं. गुळगुळीत.
खालच्या बाजूला पाणी साचायचं तिथे
नखाला लागेल न लागेल असा खड्डा.
मायक्रॉनमध्ये किती, ते मी बोलले नाही.
"चालेल?" मिस्त्रींनी विचारलं.
माझ्या पदवीला
पहिल्यांदाच कुणी शेडमध्ये खुर्ची दिली.
चालेल, म्हटलं.

नवं बेअरिंग शनिवारी येणार आहे.
तौसीफ अजून जाळीपाशी उकिडवा,
चुंबकाला दोरी बांधून
नवव्या गोळीसाठी खाली सोडतोय.
तिचा आता काही उपयोग नाही,
हे त्याला सगळ्यांनी सांगून झालंय.